प्रणितभाऊचं तीनशे मीटरचं घड्याळ

मु. बोडीटोला, ता. गोंडपिपरी
१६ मे

तीर्थरूप लिवावं तर तुमी माह्यापेक्षा लहान, चिरंजीव लिवावं तर तुमी साहेब. म्हणून सरळ साळेसाहेब प्रणितभाऊ यांसी गोविंदा भाऊजीचा रामराम.

इथी सगळे खुशाल आहेत. आई (मंजे तुमची आई, माह्या सासूबाई अंजनाबाई) एक टाइम जेवते अन् तीन टाइमाचं बोलते. तुमची बहीण तारा माह्यावर चिडून आहे, मंजे तिची तब्येत चांगली आहे. तुमी हैदराबादच्या ट्रेनिंगमध्ये पोटाले सांभाळा, तिकडचं तिखट आपल्या तिखटाच्या वरताण आहे म्हणते. ऊर्जानगरले तुमच्या मंडळीले, दिव्यानीबाईले, फोन केला त आमचा नमस्कार सांगा. अन् तुमचं घड्याळ शाबूत आहे. हे वाक्य दोनदा वाचा, मंग समोर जा.

फोन असताना पत्र काऊन, असं म्हणसान. फोनवर आई बाजूले बसून राह्यते, एक. दुसरं, फोनवर मी तुमाले सतरा दिवस खोटं बोललो, अन् ज्या जागी माणूस खोटं बोलाले बसते तिथी त्याच्या तोंडातून खरं निघत नाई. म्हणून कागद घेतला. मुद्द्याची गोठ अशी आहे का एक तारखेले तुमी घड्याळ न्याले येणार, अन् ते तुमाले द्याचं का गावच्या मोठ्या बोडीच्या पाण्याले, यावर आपल्या घरात नऊ दिवसांपासून भांडण चालू आहे. मी तुमच्या बाजूनं. आई बोडीच्या बाजूनं.

आता पयल्यापासून सांगतो. मार्चात तुमी आले, दारातच खाट टाकून बसले (बोडीच्या पाळीकडे गेले नाई, तुमी जातच नाई, मले मालूम आहे), अन् ट्रेनिंगमध्ये महाग वस्तू न्याची नाई म्हणून तीन अटींवर ते स्विस घड्याळ माह्या हाती देल्लं. पयली अट, रोज घालाचं, काऊन का ते हाताच्या हालचालीवर चालते, काढून ठेवलं त तिसऱ्या दिवशी बंद. दुसरी अट, तीस दिवसांचा महिना संपला का तारीख हातानं फिरवाची, नाईतर ते एकतीस दाखवते. तिसरी अट, पाणी लागू द्याचं नाई. प्रणितभाऊ, तिसरी अट तुमी रोज पाण्यात उतरणाऱ्या एका ढिवराले घातली! आखूड पट्ट्यात माझं मनगट माईना, तवा तुमी चष्मा लावून, बारीक पेचकस घेऊन पेटीतल्या दोन कड्या सोता जोडून देल्या. एवढी माया. अन् बोलले काय, 'भाऊजी, हात धुताना काढाचं.'

मी तवाही बोललो होतो, आता लिवून देतो. घड्याळाच्या तोंडावर तीनशे मीटर लिवलं आहे. आपल्या बोडीत मे महिन्यात भरून दोन पुरुस पाणी. ज्यानं ते बनवलं त्यानं बुडाऱ्यासाठी बनवलं, अन् तुमी त्याले हात धुवाच्या आधी खिशात घालता. बैल घ्याचा अन् ऊन लागन म्हणून त्याले गादीवर निजवाचा, असं झालं ना जी हे. वस्तू महाग आहे म्हणून तिचं काम तिच्यापासून हिसकावून घेऊ नये, हे माझं मत आहे, अन् इतकं सगळं होऊनसुद्धा ते बदललं नाई. (थोडं बदललं. समोर येते.)

म्हणून मी ते वापरलं. नुसतं नाई, रगडून वापरलं. त्याच्या कडेची ती चकती एकाच बाजूनं फिरते, मागे येत नाई. तिच्यावर टाइम लावून तारानं भात शिजवला, एकदाही बुडाले लागला नाई. आपल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव 'दोन मिनिटं बोलतो' म्हणून उभे झाले, तवा मी चकती लावली. बावन मिनिटं निघाले. सगळ्यात मोठं काम तुमच्या बहिणीनं काढलं. घड्याळ भरलं बरोबर दीडशे ग्रॅम. तिचं लहान वजन हरवलं होतं, तिनं गोंडपिपरीच्या बाजारात चार हप्ते झिंगे तुमच्या घड्याळानं तोलले. एका बाईनं विचारलं, 'बाई, हे काय व?' तारा म्हणे, 'माह्या भावाचं आहे. पाण्यात चालते.' तवा मीसुद्धा हसलो. आता नाई हसत.

पाण्याचं हळूहळू झालं. पयले हात धुतले, काही झालं नाई. मंग जाळं ओढताना मनगट बुडलं, काही झालं नाई. मंग मी त्याच्यासकट बुड्या माराले लागलो, अन् भाऊ, खरं सांगतो, ते पाण्यात असं खुलून दिसे का मले वाटे ते सुखी आहे.

वीस एप्रिलले दुपारी जाळं ओढताना पट्ट्याचा खटका जाळ्यात अडकला अन् उघडला. घड्याळ गेलं. आवाजसुद्धा नाई. मी तिथीच पंधरा बुड्या मारल्या. हाताले गाळ, शिंगाड्याच्या जुन्या वेली, एक चप्पल. घरी आलो अन् मनगटाले फडकं बांधून सांगतलं का मुरगळा आला, घड्याळ पेटीत ठेवलं. तुमच्या बहिणीनं चांगल्या धडधाकट मनगटाले सतरा दिवस हळद-चुना लावला. तुमचा दर शनिवारी फोन, 'भाऊजी, चालू आहे ना?' मी म्हणे, 'एकदम टाइमावर.' हे मी पापी मनानं बोललो. ते खरं होतं, हे मले मंग समजलं.

रोज दुपारी सगळे जेवून कलंडले का मी बोडीत उतरे. सात मेले असाच गेलो. ऊन असं का पाळीवरची माती पायाले चटके दे. पण पाण्यात मधोमध गेलो अन् पाणी थंड लागलं. दिवाळीच्या पाण्यासारखं थंड. बगळे कुठीच नाई. मी श्वास घेतला अन् खाली गेलो. डोळ्याले काही दिसत नाई, तुमाले मालूम आहे आपलं पाणी. हात समोर पसरून, तळवा वर करून चाचपत होतो. अन् घड्याळ माह्या तळव्यावर ठेवल्या गेलं. सापडलं असं नाई लिवत, ठेवल्या गेलं. लहान लेकरू मोठ्या माणसाले वस्तू देते तसं, सांभाळून, दोन हातांनी. मी पाळीवर कसा आलो मले आठवत नाई. चप्पल तिथीच सोडून घरी आलो, अन् पायाले चटके बसले ते संध्याकाळी समजलं.

घड्याळात बारा चाळीस. मोबाइलात बारा चाळीस. काटा टकटक चालू. अन् तारीख सात. प्रणितभाऊ, एप्रिल तीस दिवसांचा आहे! तारीख सहा असाले पायजे होती. मधात कोणीतरी खुंटी ओढून एक दिवस समोर केला. सतरा दिवस कोणाच्या तरी हातावर ते हालत होतं, अन् त्याले तुमची दुसरी अटसुद्धा मालूम होती.

मी ते मनगटावर चढवाले गेलो त पट्टा लागेना. मोजलं. सात कड्या कमी. पेच सगळे कसलेले, एक ओरखडा नाई. ताराले सगळं कबूल करा लागलं (हळद-चुन्यावरून जे ऐकलं ते पत्रात लिवण्यासारखं नाई). तिच्या मनगटाले लागलं नाई. तेवढ्यात आई आली. घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं, अन् मले विचारते, 'हे कायच्यावर चालते जी, जावईबापू? सेलवर?'

मी जानकार माणूस. म्हनलं, नाई, हात हालला पायजे.

'अन् हात नाई हालला त?'

म्हनलं, तिसऱ्या दिवशी बंद.

तिनं हेच तीनदा विचारलं. तीनदा मी तेच सांगतलं. मंग तिनं पट्ट्याचा खटका बंद करून आत दोन बोटं घातली, अन् हसली. माह्या लग्नाले चोवीस वर्षं झाले, मी त्या बाईले असं हसताना पाह्यलं नव्हतं. म्हणे, 'सात वर्साचं मनगट आहे, बापू. माह्या सोनूचं.'

तुमची लहान बहीण. मी तिले पाह्यलं नाई, तिचा फोटोसुद्धा नाई. एवढंच ऐकलं का तुमी नऊ वर्षांचे होते, ती सात, दोघं शिंगाडे तोडाले गेले अन् तुमी एकटे वापस आले. तीस वर्षं झाले. मले वाटे साहेबाले गाळाचा वास येत असन म्हणून पाळीवर येत नाई. अन् तुमच्या पोराच्या बारशाले तुमी हात धुवाले घड्याळ काढलं, तवा 'तीनशे मीटरवाले साहेब बाटलीभर पाण्याले भेले' म्हणून मी सगळी पंगत हसवली. तुमीसुद्धा हसले. प्रणितभाऊ, मले माफ करा.

आई भेत नाई. आमी दोघं भेतो, ती खुश आहे. तीस वर्षं तिले वाटे का खाली नुसता अंधार आहे, अन् काही नाई. आता म्हणते, 'हात हालते ना लेकराचा. खेळून राह्यली ते.' अन् म्हणते, घड्याळ पोरीचं आहे, तिले वापस द्या. मी म्हनलं, आई, ते प्रणितभाऊचं आहे, मी शब्द देल्ला आहे. त म्हणे, 'भावाचं होतं म्हणूनच घेतलं तिनं. दुसऱ्याचं घेतलं असतं काय?'

आता घड्याळाचं सांगतो. दहा तारखेले ते बंद पडलं. मी खिशात घातलं, हालवलं, चावी देल्ली, सायकलीच्या हँडलले बांधून गोंडपिपरीले जाऊन आलो. काटा हालला नाई. आई रोज दुपारी घाटावर बसते, गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय सोडून. तिनं ते पाण्यात धरलं अन् काटा चालाले लागला. वर काढलं, बंद. परत बुडवलं, चालू. मी डोळ्यांनी पाह्यलं. मंजे ज्या घड्याळाले तुमी पाण्याचा थेंब लागू देत नव्हते, ते आता फक्त पाण्यात चालते. माझं मत खरं ठरलं, पण मले काही आनंद झाला नाई.

सोसायटीत मी कोणाले काही सांगतलं नाई, नाईतर मे महिन्याची मासेमारी जाईन. मी सोता मात्र सात तारखेपासून पाण्यात उतरलो नाई. गुणवंतरावले सांगतलं का मुरगळा वाढला. त्यानं हळद-चुना सांगतला.

पोराले आशीर्वाद. तुमच्या तब्येतीले जपा. कळावं, लोभ आहेच, तो घड्याळ पाहून कमी करू नये.

तुमचा भाऊजी,
गोविंदा

ता.क. – ताराचं म्हणणं पत्रात यावं असा तिचा हुकूम आहे. ती म्हणते, कोणी पाण्यात-बिण्यात नाई, आईलेच घड्याळ पयल्या दिवशी सापडलं असन, तिनंच घालून ठेवलं असन, अन् माह्या गोविंदाले उन्हात भरमते. हे मलेसुद्धा पटलं असतं, मी लय आनंदानं वेडा ठरलो असतो. पण पट्टा आईच्या हाडकुळ्या मनगटालेसुद्धा लागत नाई. ते पाह्यलं तवापासून तारा दुपारी बाहेर निघत नाई.

ता.क. दुसरं – आता खरं काम. घड्याळ वापस मिळन का नाई, हा सवाल सोडा. आई काल गुडघ्याएवढ्या पाण्यात नव्हती, कमरेएवढ्या होती. मी काठावरून हाक मारली, तिनं ऐकलं नाई. मले आत जाची हिंमत झाली नाई, हे लिवताना लाज वाटते. ती तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाई. एक तारखेची वाट पाहू नका. सुट्टी मांगा, कारण काही सांगा, पण या.

ता.क. तिसरं – आईनं सांगतलं ते जसंच्या तसं लिवतो. 'बाबू, तुले मी कधी इचारलं नाई, तू कधी सांगतलं नाई. तू हात सोडला नाई. हात निसटला. मले त्याच दिवशी समजलं होतं, तुया हातावर तिच्या नखाचे वरखडे होते. मी बोलाले पायजे होतं, नाई बोलली. तू रडू नको.'

ता.क. शेवटचं – पाकीट बंद केलं होतं, परत फोडलं. आज दुपारी आईनं घड्याळ पाण्यातून काढलं त पट्ट्यात दोन कड्या जास्त होत्या. सातांपैकी दोनच. पेच कसलेले. मी म्हनलं, आई, हे आता कोणाच्याच मापाचं राह्यलं नाई, सात वर्षांच्या पोरीले ढिलं अन् मोठ्या माणसाले आखूड. आईनं पट्ट्यात बोटं घातली अन् गोल फिरवून पाह्यली. मंग म्हणे, 'हे माह्या प्रणितचं मनगट आहे, नऊ वर्साचं.' सोनू तुमच्यासाठी माप लावून बसली आहे, भाऊ, अन् तिले तेवढंच माप मालूम आहे. या. मी तुमच्या दंडाले धरून उभा राहीन, अन् मी सोडणार नाई. तुमी किती मोठे झाले ते एकदा तिले दाखवा.