आरतीकडे पाठ

बाबा, यंदा विसर्जनाच्या आरतीला मी बाप्पाकडे पाठ करून उभा राहिलो. तुम्ही राहायचात तसाच, खड्ड्याकडे तोंड करून, हाताची घडी घालून. घरी आल्यावर आई म्हणाली, बापाचं घेण्यासारखं इतकं होतं, त्यातून तू नेमकं हे घेतलंस. मग पदर डोळ्यांना लावून आत गेली. तो राग होता की दुसरं काही, मला अजून कळलेलं नाही.

मंडळाचा तो खड्डा अजून तिथेच खणतात. नदीवर जायची कटकट नको म्हणून तुमच्या काळात सुरू झालेला, सोसायटीमागच्या पार्कात, निळी ताडपत्री अंथरून टँकरने भरलेला. मोठ्या माणसाच्या कमरेएवढं पाणी. अख्ख्या गाझियाबादेत आमच्याइतक्या भक्तीने आरती कोणी म्हणत नसेल. डोळे घट्ट मिटून, टाळ्या बडवून, आणि ज्यांचे डोळे उघडे ते मोबाइलमध्ये व्हिडिओ काढत. आणि पोरं खड्ड्याच्या काठावर उकिडवी.

मी पहिलीत वगैरे असेन. शेजारचा मित्र मला विचारतोय, "तेरे पापा भगवान से नाराज़ हैं क्या?" आणि मी लाजेने मरतोय. तुमचा सदरा ओढून मी म्हणतो, बाबा, तिकडे वळा ना, सगळे हसतायत. तुम्ही मान न वळवता म्हणता, "बाप्पाकडे बघायला एवढी माणसं आहेत. पाण्याकडे एक तरी बघतंय का?" मी म्हणतो, कोणी पडलं तर ओरडेल की. तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. "ओरडायला तोंड पाण्याच्या वर लागतं. पोर गुपचूप जातं." आणि आरतीच्या शेवटी सगळे जागच्या जागी स्वतःभोवती गोल फिरायला लागले, की तुम्ही एक पाऊल खड्ड्याजवळ सरकायचात. तुम्ही कधी फिरला नाहीत. आपल्या घरावर कोप होणार याची मला खात्री होती.

कोप झाला तो आईचा. मावशी रांगत्या बाळाला घेऊन राहायला आली, तेव्हा बाथरूममधल्या भरलेल्या बादल्या तुम्ही ओतून पालथ्या घातल्यात. आपल्याकडे पाणी सकाळी एकदाच यायचं! आई लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, आता वरण तुमच्या काळजीत शिजवू का. तुम्ही म्हणालात, बाळ बादलीत वाकलं तर डोकं जड असतं त्याचं, उलटं बाहेर येता येत नाही. त्या दिवशी जेवण हॉटेलातून आलं. मला तर बाळ रोज यावं असं वाटलं.

तुम्ही गेल्यावर त्या जागेवर कोणी उभं राहिलं नाही. मीही नाही. यंदाही माझा बेत वेगळाच होता. दिल्लीला मुनिरक्यात एक मुलगी राहते, लातूरकडची, कलेक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करते. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. उकडीच्या मोदकांचं आमिष दाखवून तिला बोलावलं होतं, केस कापून आलो होतो, नवा कुर्ता होता. आणि आरती सुरू व्हायच्या आत माझी नजर त्या काठावर बसलेल्या पोरांवर गेली.

मी अध्यक्ष काकांना म्हटलं, इथे कोणाला तरी उभं करा. ते म्हणाले, "अरे, सगळे आहेत ना." मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण, एकाचं नाव सांगा. माझा आवाज चढला असणार, कारण ढोलवाला थांबला. काका म्हणाले, कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्यांनी आम्हाला व्यवस्था शिकवू नये. माझे कान तापले. एरवी मी तिथून तडक निघून गेलो असतो. कॉलेज तसंच तर सोडलं, हजेरीवरून सरांशी भांडून. पण इथून गेलो असतो तर पाण्यापाशी कोणीच उरलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा भांडून जागेवरच थांबलो.

आरती चालू असताना ती आली. म्हणाली, "बोल काय ते. मला मेट्रो गाठायचीय."

"बोलतो. पण तुझ्याकडे बघणार नाही."

"अच्छा? का बरं?"

"ड्युटीवर आहे."

तिने काठावरची पोरं बघितली आणि माझ्या बाजूला उभी राहिली, तीही बाप्पाकडे पाठ करून. मग मी सगळं बोललो. तू आवडतेस, डिग्री नाही, मोबाइलच्या दुकानात काम करतो, डोकं लवकर फिरतं पण तुझ्यासमोर फिरवणार नाही. हे सगळं मी ताडपत्रीकडे आणि त्या पोरांकडे बघत बोललो. त्यातला एक घाबरून म्हणाला, "भैया, मुझे बोल रहे हो?" केस उगाच कापले, यार.

तेवढ्यात आरतीचा शेवट आला आणि सगळे डोळे मिटून गोल फिरू लागले. काकांचा नातू, जेमतेम तीन वर्षांचा, तरंगत्या नारळाकडे वाकला. ताडपत्री साबणासारखी झाली होती. तो गेला, बाबा. गुपचूप. गाणाऱ्यांचा ताल जराही चुकला नाही. मी कुर्त्यासकट, मोबाइलसकट उडी मारली आणि कॉलर धरून त्याला वर काढला. तो खोकला, पाणी ओकला आणि मग त्याने असं भोकाड पसरलं की तेव्हा कुठे आरती थांबली. काकांनी डोळे उघडले, मला पाण्यात बघितलं आणि म्हणाले, "अरे, तू कशाला उतरलास?" मग त्यांना माझ्या कडेवर कोण आहे ते दिसलं. ते इतके पुढे वाकले की तेही घसरले असते, म्हणून नातू मी त्यांच्याकडे दिलाच नाही, त्याच्या आईकडे दिला.

लगेच डॉक्टरकडे नेला. छाती तपासून डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण उद्यापर्यंत श्वासाकडे लक्ष ठेवा, दम लागला तर लगेच आणा. किती पाणी प्यायला असेल, असं विचारल्यावर त्याची आजी म्हणाली, तीर्थच होतं हो ते. काका बाहेर बाकावर माझ्याजवळ बसले. म्हणाले, पुढच्या वर्षी खड्ड्याला कठडा करू आणि दर आरतीला एक माणूस, नाव ठरवून. "तुझे वडील उभे राहायचे ना, तसा." माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं झोंबणारं. पण ते रडत होते, मग राहू दिलं.

हे पत्र कुठे टाकणार नाही. आईच्या हाती लागलं तर संध्याकाळपर्यंत मुनिरक्याला कळेल, आणि नेमकं तेच नकोय. त्या मुलीने मला उत्तर दिलं होतं, अगदी नातू घसरायच्या क्षणी. मी तिला सांगितलंय की ऐकू आलं नाही, कानात पाणी गेलं. ती म्हणते, मी एकदा बोललेय, आता तुझं तू बघ. मी रोज फोन करून म्हणतो, भेटून पुन्हा सांग, ती रोज चिडते.

कानात पाणी नंतर गेलं, बाबा. त्याआधी मी ऐकलं होतं, स्पष्ट. पण पुन्हा एकदा ऐकायचंय, तिच्याकडे बघत.