रामनगरच्या मोटरचं लोखंड

ब्रह्मा घाट, काशी
रथसप्तमी, १९८४

तीर्थस्वरूप वेणूदादास,

विजूचा शिरसाष्टांग नमस्कार. सुमेधावहिनींनाही नमस्कार आणि नंदाला पापा. आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे अण्णा खोकतात आणि मी त्यांच्यावर खेकसते, सगळं जागच्या जागी आहे.

सोबत पुडीत तिळगूळ आहे. पुडी मिळेल तेव्हा तिळगुळाची मुदत टळून गेलेली असेल, पण पेटीत आज टाकतेय, तेव्हा आजच हातावर ठेवला असं धर. वाटेत चुरा झाला तर चिमटीने खा. आणि हो, तो मी वळलेला नाही. कोणी वळला ते मागाहून सांगते.

इथलं धुकं अजून हललेलं नाही. सकाळी घाटावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ नसतोच. नाव निघते, थोडी पुढे जाते आणि पुसली जाते, मग नुसती माणसांची बोलणी पाण्यावरून येत राहतात. कधी कधी मला वाटतं, आपल्याकडून गेलेली सगळी माणसं तिथेच, धुक्यात थोडी आत, बोलत बसलेली असणार. त्या धुक्यातूनच गेल्या आठवड्यात रामनगरची मोटर आली. आधी सावजींचा आवाज आला, "सँभाल के भइया, सँभाल के", मग नावेचं नाक दिसलं, आणि मग गोणपाट पांघरून बसलेली ती. आजारी म्हातारीला वैद्याकडे आणावं तशी आणली होती.

तीच मोटर, दादा. सावजींच्या बर्फाच्या कारखान्यातली, विजेची. इतकी वर्षं मी तुला पाऊसपाणी लिहिलं, लग्नं-मुंजी लिहिल्या, हिचं नाव कधी काढलं नाही. पण आता तीच दारात येऊन बसली तर काय करू?

बेअरिंग बसलं होतं आणि दोन-चार कॉइलं जळून काळी झाली होती. सावजी ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बहिनजी, साफ बताइए. मरम्मत होई, कि पूरा बाइंडिंग, कि नई ले लीं? होली के बाद लगन बा, बरफ चाही." नव्या मोटरचं सूचीपत्र त्यांच्या खिशात होतं, आणि ते तुझ्याच पुण्यातल्या कारखान्याचं. मला हसू आलं.

नुसती जळकी कॉइलं बदलण्यात अर्थ नव्हता. बाकीच्यांच्याही वार्निशचा बोट लावलं की भुगा होत होता. सगळं काढून नव्याने भरणं, म्हणजे सावजींचं 'पूरा बाइंडिंग', हाच उपाय, पण तो केव्हा, तर आतलं लोखंड शाबूत असेल तेव्हाच. अण्णांचं पालुपद तुला पाठ असेल: तांबं कितीदाही भरता येतं, पण पत्र्यांमधला लेप एकदा जळला की ते लोखंड जन्मभर तापत राहतं. मी सावजींना काही सांगायच्या आत अण्णा खाटेवरून म्हणाले, "नई लीजिए साव. हिचं लोखंड वेणूने जाळलंय."

एक तप झालं असेल, या घरात त्यांच्या तोंडी तुझं नाव आलं नव्हतं. माझ्या हातातला पाना खाली पडला.

तो दिवस मला अजून दिसतो. मी वार्निशचा ब्रश धरून दारात उभी होते. तू रामनगरच्या वाळवंटातून मोटर घेऊन आलास, ती काळीठिक्कर, आत राखच राख. जुनी कॉइलं अण्णा एकेक करून, कापून, ओढून काढायचे, आणि तू ती जाळून काढलीस. अण्णा ओरडले, "लोखंड जाळलंस तू!" आणि तू मान खाली घालून म्हणालास, "लोखंड जाळलं. लोखंड जाळलं."

दोनदा. आपल्या घरातून वेद गेला, पण संथा गेली नाही. आजोबा शिष्याला ऋचा एकदा सांगायचे आणि शिष्याने ती दोनदा म्हणायची, तसं अण्णांनी आपल्याला वाइंडिंग शिकवलं. त्यांनी खाचांची जोडी एकदा सांगायची, "एक-आठ", आपण दोनदा म्हणायची आणि मगच कॉइल आत बसवायचं. मुलींना वेद नव्हता, कॉइलं होती, म्हणून मला त्याचं केवढं अप्रूप होतं! तर तू दोनदा म्हणालास आणि अण्णांना वाटलं, तू त्यांना वेडावतोयस. "मला वेडावतोस?" म्हणाले, आणि पुढचं तुला ठाऊक आहे. तू गेलास.

ती सवय होती की राग होता, हे मला आजही माहीत नाही. तेवढं एक तू मला सांग.

मग ती मोटर मीच भरली. अण्णांनी हात लावला नाही. मीच एकदा म्हणायची आणि मीच दोनदा. इतकी वर्षं ती बिनतक्रार चालली, तरी अण्णा म्हणायचे, गंगामाईची कृपा म्हणून चाललीय.

या वेळी मी हट्टाला पेटले. म्हटलं, नवी घ्यायची तर घेऊ देत, पण आधी लोखंड तपासू. छत्तीस खाचांतली कॉइलं सगळी काढली, एकेक, ओढून. मग लोखंडाच्या रिकाम्या कोरभोवती जाड केबलचे वेढे दिले आणि वीज सोडली. लेप जळलेला असेल तिथे लोखंड चटका देणार. खरं सांगते, मला भीती वाटत होती. तापलं तर तू चुकलेला, नाही तापलं तर अण्णा चुकलेले, आणि मला तुम्हा दोघांतलं कोणीच चुकायला नको होतं.

वीज बंद करून अण्णांना हाताला धरून आणलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण तळहात अजून तसेच आहेत. कोरच्या आत हात घालून ते कडेकडेने फिरवत राहिले, वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा. खालून पाठशाळेतल्या मुलांचा घोष धुक्यातून अर्धवट वर येत होता. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा लावली. पुन्हा हात फिरवला. सगळीकडे सारखं कोमट, दादा. कुठेही चटका नाही.

"असं होणार नाही," अण्णा म्हणाले. "आगीत घातलेलं लोखंड आहे हे."

सावजी ओट्यावरूनच म्हणाले, "कवन आग, पंडितजी? भइया त अहरा लगवले रहलन. बाटी सेंके वाला. दिन भर बइठ के एक-एक गोइंठा सरकावत रहलन. हम कहलीं लकड़ी डाल दीं, जल्दी होई, त हमार हाथ पकड़ लिहलन."

गोवऱ्यांच्या मंद धगीत तू ती मोटर दिवसभर बाटीसारखी भाजलीस, लेपाला झळ लागू दिली नाहीस, आणि ते तू कुणालाही सांगितलं नाहीस!

अण्णांनी कोरवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग मला म्हणाले, "मग तो बोलला का नाही?"

आणि माझा तोल गेला. म्हटलं, "कसा बोलेल? तुमच्यासमोर तुमचंच वाक्य दोनदा म्हणायचं, एवढंच शिकवलंत आम्हाला." बोलले आणि वाईट वाटलं. उठून आल्याचा चहा केला. त्यांनी कप रिकामा करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला एक स्वप्न सांगितलं. गंगा गोठून सगळा बर्फच बर्फ झालाय, पांढरा, आवाज नसलेला, आणि तू रामनगरकडून चालत येतोयस. लहान आहेस, मुंज व्हायच्या आधीचा, आणि काठावरून ते ओरडतायत, "जपून, तडकेल." पण तुला ऐकू जात नाहीये. मग विचारलं, पुण्यात धुकं पडतं का? नंदाला छत्तीसपर्यंत मोजता येतं का? मग स्वतःच तीळ भाजायला बसले. तिळगूळ त्यांनी वळलाय, दादा. म्हणूनच लाडू इतके ओबडधोबड आहेत.

सूचीपत्र सावजींना परत दिलं. मोटर पूर्ण भरायची ठरली. अण्णा खाटेवरून उठून माझ्यासमोर पाटावर बसले आणि इतक्या वर्षांनी संथा सुरू झाली. ते एकदा, मी दोनदा. आवाज थकलाय, पण चाल तीच. भरताना मला मध्येच वाटायचं, माझ्या शेजारी कोणीतरी बसलंय आणि माझ्याबरोबर म्हणतंय.

तीन दिवसांपूर्वी शेवटच्या, छत्तिसाव्या कॉइलाशी आलो. अण्णा म्हणाले, "छत्तीस-सात." मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ते राहू दे," म्हणाले.

ते कॉइल पांढऱ्या दोऱ्याने बांधून गणपतीच्या कोनाड्यात ठेवलंय. सावजी रोज मोटर न्यायला नावेतून येतात आणि अण्णा त्यांना शांतपणे सांगतात, "अभी एक कॉइल बाकी है." होळी महिन्याभरावर आलीय, सावजींचा जीव टांगणीला लागलाय, आणि इकडे म्हातारा हलायला तयार नाही.

तुला काय लिहू, असं मी त्यांना विचारलं. "मोटरचं कळव," म्हणाले. म्हणून मोटरचं कळवलं. ये असं त्यांनी म्हटलेलं नाही, तेव्हा मीही ते लिहीत नाही.

छत्तीस-सात त्यांनी एकदा म्हटलंय. मी गप्प आहे. दोनदा म्हणायचं बाकी आहे.

तुझी,
विजू