अजिंक्य कॅडेट दलाचा भावी पीआरओ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या आठवणी लोक मागाहून शोधत बसतात. माझ्या आयत्या सापडाव्यात. भाषा शुद्ध ठेवायची, मले-तुले नाही.

निमित्त असं की माझी मुलगी भूमिका ज्या अजिंक्य कॅडेट दलात जाते (रविवारी परेड, खाकी ड्रेस, लाल टोपी) तिथे पीआरओची जागा निघाली आहे. मानद. म्हणजे पगार नाही, फक्त मान. पगार मला कळमेश्वरच्या खोक्यांच्या फॅक्टरीत मिळतो, डिस्पॅच सेक्शनमध्ये. तिथे मान मिळत नाही. दोन्ही मिळून माणूस पूर्ण होतो.

पालक, माजी कॅडेट किंवा सोळा वर्षांवरचे कॅडेट, कोणीही नाव देऊ शकतं. निवड डिसेंबरात. काम काय, तर दलाची माहिती लोकांपर्यंत पोचवणे. वाचलं आणि वाटलं, हे माझंच वर्णन करून राहिले.

बायकोला सांगितलं. पुष्पलता म्हणाली, "तुम्हाले सिलिंडर संपलं ही गोष्ट गॅसवाल्यापर्यंत पोचवता आली नाही." तिला गॅस आणि कम्युनिकेशन यातला फरक कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

संकल्प. उद्यापासून पाचला उठून सगळे पेपर वाचणे. मीडियाचा अभ्यास.

६ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

कंपनीची बस चुकली. थंडी पडायला लागली की मेंदूला झोप जास्त लागते.

९ नोव्हेंबर, रविवार

मैदानावर जाऊन सुभेदार साहेबांना भेटलो. गणपतराव. फौजेतून रिटायर होऊन दल चालवतात. मिशा जबरदस्त, बोलणं कमी. मी माझं व्हिजन सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, "आधी पोरांले पाणी पाजा." ही नम्रतेची परीक्षा होती हे मी लगेच ओळखलं. सगळ्यांना पाणी पाजलं. पास.

मग स्वतःहून बोलले. दलात पोरं कमी होऊन राहिली. अशीच गळती राहिली तर शाळावाले पुढल्या वर्षी मैदान दुसऱ्याला देतील, दल बंद. "आपण इथं काय करतो हे लोकांले माहीतच नाही. सांगणारा पाहिजे कोणी."

सांगणारा समोरच उभा होता, हातात पाण्याची कॅन घेऊन.

१२ नोव्हेंबर

पहिली प्रेसनोट सगळ्या पेपरांना पाठवली. चार पानं. पार्श्वभूमीच मोठी झाली, कारण मी कुठल्या परिस्थितीतून आलो हे सांगितल्याशिवाय दलाचं महत्त्व कळत नाही. दल शेवटच्या पानावर आहे.

१५ नोव्हेंबर

छापून आली! एका पेपरात, एका ओळीत. "अजिंक्य दलाची परेड सोमवारी." वार चुकला आणि माझं नाव राहिलं. जागेची अडचण असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज खूप हसलो. भूमिका म्हणाली, पीआरओसाठी तिनंही नाव दिलं आहे. हसता हसता चहा शर्टावर सांडला. पुष्पलता हसली नाही. भूमिका म्हणाली, "पप्पा, मी गंमत नाही करून राहिली."

पोरगी दिवसभरात चार वाक्यं बोलते. तिला जनसंपर्क! पण मी बाप आहे. निवड झाली की तिला असिस्टंट करून घेईन.

२० नोव्हेंबर

भूमिका आणि तिची मैत्रीण पिंकी सध्या शाळा सुटल्यावर दुसऱ्या शाळांमध्ये जातात. तिथल्या पोरांना दोन काठ्या आणि जॅकेटांचं स्ट्रेचर कसं करायचं, ते दाखवतात. त्यातली काही पोरं रविवारी परेडला आली म्हणे. समजावलं तिला. पेपरात ओळ आली का? नाही. मग याला पब्लिसिटी म्हणत नाहीत.

२४ नोव्हेंबर

परवा आमच्या महाल भागातल्या चौकात फ्लेक्स लावला. वर मी, खाली लहान अक्षरात दल. आज पाहतो तर जागेवर नाही. चौकशीअंती भाजीवालीच्या हातगाडीवर दिसला. ऊन अडवायला लावला आहे तिनं. म्हणजे आता गल्लोगल्ली फिरतो. एका जागी उभ्या फ्लेक्सपेक्षा हे बरंच.

३० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

दलाची सहल रामटेकला. पोरं सुभेदार साहेबांबरोबर पायऱ्यांनी गड चढली. मी पायथ्याशी थांबलो. कोणीतरी खाली राहून एकूण परिस्थितीवर लक्ष ठेवावं लागतं. तिथे एक भज्यांचं दुकान आहे, त्यालाच कंट्रोल रूम केलं.

दुपारी वरून गलका ऐकू आला. पाहतो तर लाल टोप्या झपाझप उतरून राहिल्या आणि मध्ये स्ट्रेचर. दर्शनाला आलेली इंदूबाई नावाची एक बाई वरच्या पायऱ्यांवर छातीत कळ येऊन कोसळली होती. सुभेदार साहेब मंदिराजवळ, मागे. गर्दी नुसती पाहत उभी. भूमिकानं लोकांना मागं सारलं म्हणे, ॲम्ब्युलन्सला फोन करवला, काठ्या आणि जॅकेटांचं स्ट्रेचर बांधवलं, आणि सगळ्यांनी मिळून बाईला खाली आणलं.

मी प्लेट टाकून धावलो. शेवटच्या पायऱ्यांवर पुढचा दांडा धरला. ॲम्ब्युलन्स आलेली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

कोणीतरी फोटो काढला. मग तिथल्या पेपरचा बातमीदार धम्मानंद याचा मला फोन आला. मी संपूर्ण माहिती दिली: पूर्ण नाव, वय, शिक्षण, भावी पद. घटनेचंही सांगत होतो, पण तो म्हणाला, एवढं बस झालं.

१ डिसेंबर, सोमवार

"देवदूत बनून धावला पिता! धर्मेंद्र चाफले यांनी वाचवले महिलेचे प्राण." तीन कॉलम. फोटोत पुढे मी, चेहऱ्यावर निर्धार. मागे भूमिकाचं कोपर आहे. बापाला कोपरही ओळखू येतं. शेवटी एक ओळ: "यावेळी काही कॅडेटही उपस्थित होते."

तपशिलात घाई झाली आहे थोडी. बातमीचा आत्मा बरोबर आहे.

भूमिकानं वाचली. काहीच बोलली नाही. अभिमानानं शब्द फुटत नसतील. पुष्पलतानं पेपर घडी करून फळीवर मिठाच्या डब्याखाली घातला. जपून ठेवला असावा.

२ डिसेंबर

फॅक्टरीत सुपरवायझरनं खुर्ची दिली. संध्याकाळी शेजारच्या शरच्चंद्रजींनी गल्लीत सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषण. एकानं विचारलं, नेमकं कसं वाचवलं? मी म्हणालो, "प्रसंगावधान." यात खोटं काही नाही. प्रसंग होता आणि माझं अवधान होतं.

भूमिका अजून बोलत नाही. जेवताना चटणी पाहिजे होती तर आईला म्हणाली, "त्यांले म्हणा, वाटी सरकवा." मी हातभर अंतरावर बसलो होतो.

५ डिसेंबर

धम्मानंदला फोन करून दुरुस्ती सांगावी का? फोन हातात घेतला. मग वाटलं, सोमवारपासून विधानसभेचं अधिवेशन. पेपरांत आमदारांनाच जागा पुरणार नाही, आपण त्रास कशाला द्यायचा? ठेवला.

७ डिसेंबर, रविवार

मैदानावर नवे पालक आले होते, पोरांची नावं घालायला. एका बाईनं विचारलं, "पेपरातले तुम्हीच ना?" भूमिका बाजूला उभी होती. माझ्या तोंडातून "हो" निघून गेलं.

"हो" खरंच आहे. पेपरातला मीच आहे.

पिंकीनं मला सॅल्यूट मारला. त्या सॅल्यूटमध्ये आदर कमी आणि दुसरंच काही जास्त वाटलं.

१४ डिसेंबर, रविवार

इंदूबाई घरी आल्या. बऱ्या झाल्या आहेत. मुलगा दुर्गेश सोबत, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मी घाईनं सत्काराची शाल पांघरली आणि मधल्या खुर्चीत बसलो.

इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि पुष्पलताला विचारलं, "पोरगी कुठं हाय वं?"

भूमिका आतून आली. बाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाल्या, "हेच ते. मले दिसत काही नव्हतं, पण आवाज आयकू येऊन राहिला होता. मावशी, डोळे मिटू नका, माह्यासंगं बोला, घरी कोण कोण हाय सांगा. पुऱ्या पायऱ्याभर बोलत होती हे लेकरू. मी नातवाचं नावबी सांगतलं हिले."

पायऱ्याभर. मी त्या पायऱ्या पाहिल्या आहेत, खालून.

दुर्गेशच्या मनात टोमणा नव्हता, शालीत त्यानं मला ओळखलंच नव्हतं. सरळ पोरगा. त्यानं मलाच विचारलं, "काका, पेपरात तर भलत्याच माणसाचा फोटू होता. कोण होता तो?"

चहाचं पाहतो म्हणून मी आत गेलो. चहा ठेवलेलाच नव्हता. ओट्याशी उभा राहिलो. शाल गरम होऊन राहिली होती, काढून ठेवली.

बाहेर भूमिका नातवाबद्दल विचारत होती. तिचा आवाज असा आहे, हे मला माहीत नव्हतं.

१५ डिसेंबर

काल लिहिलेलं वाचलं. जरा भावुक झालो होतो. पीआरओनं भावुक होऊ नये. निवडीची तयारी: मिशन, व्हिजन, पंचवार्षिक योजना. आरशासमोर सराव. पुष्पलता म्हणाली, आरसा सोडा, मले केस विंचरायचे आहे.

२१ डिसेंबर, रविवार

निवड झाली. समितीत सुभेदार साहेब आणि शाळेच्या माजी मुख्याध्यापिका मीराबाई. उमेदवार दोनच, मी आणि भूमिका. सगळ्यांसमोर, मैदानावर.

प्रश्नही एकच: रामटेकला काय झालं, ते सांगा.

मिशन-व्हिजन खिशातच राहिलं. मी सुरुवात केली: पायथ्यावरील समन्वय, परिस्थितीचं आकलन, नेतृत्वाची फळी. मीराबाईंनी मध्येच विचारलं, "चाफले, बाई पडली तेव्हा तुम्ही कुठं होते?" मी म्हणालो, "कंट्रोल रूममध्ये." मागून पिंकी खोकली.

मग भूमिका उभी राहिली. तिनं नुसतं सांगितलं. जॅकेट कोणी काढून दिलं, काठ्या कोणी धरल्या, गर्दी कोणी मागं सारली. फुलवाल्यानं टोपल्या उचलून वाट करून दिली तेही. सगळे ऐकत राहिले. ज्यांच्यासाठी मी चार पानं लिहिली होती तेच लोक.

शेवटी म्हणाली, "आमचे हात पार गेले होते. शेवटच्या पायऱ्यांवर पिंकीचा दांडा सुटत होता. पप्पा धावत आले अन् त्यांनी धरला. नाही तर सांडल्या असत्या इंदूबाई."

एवढं खरं होतं. तेवढंच तिनं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही.

डोळ्यांत धूळ गेली. हिवाळ्यात मैदानावर धूळ फार.

निवड भूमिकाची. दोघांचं एकमत. मी टाळ्या वाजवल्या, बहुतेक सगळ्यांच्या आधी. सुभेदार साहेब हात हलवून म्हणाले, "चाफलेजी, येत राहा. पाणी पाजायले माणूस लागतेच."

२२ डिसेंबर

निवडीत घराणेशाही झाली असं म्हणता आलं असतं. पण घराणं माझंच आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

भूमिका माझ्याशी बोलली! तीन आठवड्यांनी. म्हणाली, "पप्पा, त्या बातमीचा खुलासा द्यावा लागते."

मी म्हणालो, दे ना, पीआरओ तू आहेस. ती म्हणाली, "बातमी तुमच्या नावानं आली. खुलासाही तुमच्याच नावानं जाईल." चेहरा सुभेदार साहेबांसारखा. मिशा सोडून.

बसलो लिहायला. अडीच पानं झाली. गैरसमजाची पार्श्वभूमी, आधुनिक पत्रकारितेपुढील आव्हानं, वगैरे. ती लाल पेन घेऊन शेजारी बसली. मी लिहायचो, ती खोडायची. शेवटी जे उरलं ते पाहून मी म्हणालो, निदान भज्यांचा उल्लेख तरी काढ.

"काहून? खरं नाही का?"

खरं होतं. खरं असलेलं सगळंच छापायचं का, यावर मी बोलणार होतो. पण ती इतक्या दिवसांनी जवळ बसली होती, खांद्याला खांदा लावून. मी म्हटलं, राहू दे. धम्मानंदला मीच फोन केला.

२७ डिसेंबर, शनिवार

छापून आला. पान सात, योगवर्गाच्या जाहिरातीखाली. दोनदा पेपर उलटला तेव्हा सापडला. माझा मजकूर पहिल्यांदाच एक शब्द न कापता आला आहे, पूर्ण नावासकट:

"रामटेक येथे इंदूबाईंना अजिंक्य दलाच्या कॅडेटांनी वाचवले. मी त्या वेळी खाली भजे खात होतो. शेवटच्या पायऱ्यांवर एक दांडा धरला. — धर्मेंद्र मनोहरराव चाफले, महाल."

वाटलं होतं, पान सात कोण वाचतं? फॅक्टरीत सगळ्यांनी वाचलं आहे. सुपरवायझर गेटवरच उभा होता. म्हणाला, "चाफले, कांद्याचे होते का मिरचीचे?"

मी सांगितलं, मिरचीचे. माहिती बरोबर गेली पाहिजे.