कॅमेऱ्याशेजारचा माणूस

प्रिय पाठमोऱ्या,

इतक्या वर्षांनी याच नावाने हाक मारतोय, राग मानू नकोस. युनिटनेच ठेवलेलं नाव. माझ्याऐवजी घोड्यावरून पडायचं तू, आगीतून उडी घ्यायची तू, आणि पडद्यावर दिसायची ती फक्त तुझी पाठ. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही बदलून झाले. डॉक्टर म्हणाला, तरुणपणी एवढ्या उड्या मारल्यावर दुसरं काय होणार! मी आपली मान डोलावली.

शनिवारच्या माझ्या सत्काराचा पास मीच तुला पाठवला होता, पण तू येशील असं खरंच वाटलं नव्हतं. तू आलास, वहिनींना घेऊन आलास, कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढेच बसलास. म्हणजे सगळं ऐकलंस.

त्यांनी पडद्यावर बागेतल्या प्रसंगातला माझा तो क्लोजअप लावला. लोक अजून शिट्ट्या मारतात रे त्याला. मग निवेदिकेने लाडात येऊन विचारलं, की अशी नजर काय नुसत्या अभिनयात येते? बाईंवर तुमचं प्रेम होतं ना? आपल्या नायिकाबाई शेजारीच होत्या. त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, अगं, त्या शॉटला मी नव्हतेच, डोकं दुखत होतं म्हणून घरी गेले होते. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. निवेदिकेने विचारलं, मग तुम्ही बघत कुणाकडे होता?

समोरचं माणूस नसलं की क्लोजअपला कुणाला तरी कॅमेऱ्याशेजारी उभं करतात, नजर ठरावी म्हणून. त्या शॉटच्या वेळी दिग्दर्शक सहायकाला बोलावत होता. मी म्हटलं, पाठमोऱ्याला घ्या, उंची जमते. जमते कसली डोंबलाची! तू बाईंपेक्षा चांगला वीतभर उंच, शेवटी तुला स्टुलावर बसवावं लागलं. निर्मात्याच्या मुलीशी माझं लग्न ठरल्यापासून तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. त्या दिवशी मात्र तुला माझ्याकडे बघणं भाग होतं. मी काहीएक अभिनय केला नाही. माझं तुझ्यावर प्रेम होतं, आणि ते सगळ्या युनिटसमोर, भर उजेडात, एकदाच दाखवता आलं. दिग्दर्शक म्हणाला, ओके, पुढचा शॉट.

आणि शनिवारी मी काय बोललो? भिंतीवर खडूची फुली मारली होती, तिच्याकडे बघत होतो! हशा झाला. तेवढ्यावर थांबावं की नाही, तर वर अक्कल पाजळली, खरा नट फुलीवरसुद्धा प्रेम करू शकतो म्हणून. टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. ते बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आता मला धमकावणारं कोण उरलंय? सासरे गेले, बायको गेली, सिनेमे तर कधीच सुटले. विचारणारी पोर नातीच्या वयाची, खरं सांगितलं असतं तर तीच उठून पाया पडली असती. जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी म्हणतात. मी जन्मभर जनाचीच बाळगली, आणि तुला चारचौघांत भिंत करून टाकलं.

कार्यक्रम येत्या रविवारी टीव्हीवर दाखवणार आहेत. मी चॅनेलवाल्यांना सांगितलं, ते उत्तर मला पुन्हा द्यायचंय. ते उद्या दुपारी कॅमेरा घेऊन घरी येतायत. या वेळी तुझं नाव घेईन म्हणतोय. पण तुझ्याही घरी वहिनी आहेत, सुना-नातवंडं आहेत, तुला न विचारता ते करायचा मला काय हक्क? म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हाती देतोय. नको असेल तर उद्या सकाळी फोन कर, मी गप्प बसेन. फोन आला नाही तर बोलेन. तुझ्यापासून काय लपवायचं, हे लिहितानाही मनातून वाटतंय, तो फोन यावा.

तुझाच,
हिरो