घ्या, गाडी चांगली आहे

जव्हार,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. जयश्रीस,

ताईचा आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, यांची कंबर मात्र थंडी पडल्यापासून पुन्हा धरते. तुझा फोन आठ दिवस लागत नाही, म्हणून बाबल्याच्या जीपमधून हे पाठवते. तुझी चिठ्ठीही त्यानेच आणून दिली. अर्ध्या पानाच्या चिठ्ठीत तीनदा 'ताई, काहीतरी कर' लिहिलंस. मी काय करू गं? मी इंजिन आहे का?

आधी तुझ्या नवऱ्याचं ऐक. शिरपामाळच्या चढावर गाडी बंद पडली आणि भाड्यानं बसलेल्या नाशिकच्या पाहुण्यांना उतरून ढकलायला लावलं म्हणे. त्यातल्या एका बाईच्या साडीला ऑईल लागलं. सगळ्या जव्हारात हसू झालंय. परवा नाक्यावर चहावाला मला विचारतो, "वहिनी, तुमच्या अनंताची गाडी पेट्रोलवर चालते का माणसांवर?" मीही हसले. का नाही हसायचं?

आणि पेट्रोल कुठलं भरत होता तो? वांगणीच्या दुकानातलं, बाटलीतलं! त्यात रॉकेल असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मोटारसायकलला चालतं, म्हणून या गाडीलाही चालेल असं वाटलं त्याला. शिवाय उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडायची, सगळे जीपवाले करतात तसं. अगं, हे इंजिन वेगळं आहे. यात पेट्रोल थेट आत फवारतं, मोठ्या दाबानं. त्याचा पंप नाजूक असतो. असल्या गाडीला बाटलीतलं पाजलं तर ती मरणारच की. हे म्हणाले, "मी नको म्हटलं होतं, त्यानं ऐकलं नाही. आता भोग म्हणावं." गाडी बंद पडल्यापासून आमच्या गॅरेजात येईल त्याला हे तेच सांगतात.

जामसरची कमू आली होती. तिच्या सुनेला मुलगी झाली. बारशाला मला बोलावलंय, जाईन बहुतेक.

तुझ्या चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीवर मी अजून आलेच नाही. मुद्दामच आले नाही. सोमवारी मुकादमाचा ट्रक येतोय, आणि या वर्षी रुपीलाही वीटभट्टीवर नेणार, असं लिहिलंस. पोर चौदाची झाली, विटा थापेल, म्हणतो मुकादम. जयश्री, तुला लाज कशी नाही वाटत? आठ वर्षं, दिवाळी झाली की तुम्ही ट्रकात बसायचात आणि रुपी माझ्या दारात यायची, पावसापर्यंत. तिची वेणी मी घातली, तिचे पाढे मी घेतले, गोवर झाला तेव्हा उशाशी मी बसले. आणि जूनमध्ये तू येऊन तिची पिशवी उचललीस. "अनंता गाडी घेतोय, आता भट्टी बंद. उसनी पोर किती दिवस ठेवशील ताई?" असं म्हणालीस. हसत म्हणालीस. माझ्या उंबऱ्यावर उभी राहून म्हणालीस.

मग ऐकच आता. ती गाडी घेण्याआधी तपासायला इथे आली, तेव्हा यांनी सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहिलं. इंजिनातली साखळी खडखडत होती. तेलाला पेट्रोलचा वास येत होता. बारीक कॅमेरा आत घालून बघितलं तर व्हॉल्व्हवर काजळीचे थर. एक लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी. हे मला म्हणाले, "अनंताला सांग, हिला हात लावू नको. चढावर मारील ही." आणि मोखाड्याला बंद पडलेली जीप बघायला निघून गेले.

अनंता आला. टोपी हातात घेऊन उभा होता. "घेऊ ना ताई? दाजी काय म्हणाले?"

मी म्हणाले, "घ्या, गाडी चांगली आहे."

यांना संध्याकाळी सांगितलं की त्यानं ऐकलं नाही.

बाटलीतल्या पेट्रोलनं ती दोन महिने आधी मेली असेल, एवढंच. मरणार ती होतीच. गाडी मेली की तुम्ही परत भट्टीवर जाल, आणि रुपी परत माझ्याकडे येईल, एवढा साधा हिशेब होता माझा. तू तिलाच घेऊन निघशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आई आहेस ना तू? मला वाटलं, आईला नाही जमायचं ते.

रडत नाहीये मी. माफीही मागत नाहीये. शनिवारी रुपीला बाबल्याच्या जीपमध्ये बसवून दे, वह्यापुस्तकांसकट. ती माझ्या घरात आली की रविवारी हे इंजिन उघडतील, पंप बदलतील, साखळी बदलतील. ती आली नाही तर गाडी तुझ्या अंगणात कोंबड्यांना देऊन टाक.

हे अनंताला दाखवू नकोस. यांना मी सांभाळते.

रुपीला जिनं वाढवलं ती,
तुझी ताई प्रमिला


वांगणी,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रमिला मावशी यांस,

आईने तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग माझ्या हातात दिलं आणि भाकऱ्या करायला बसली. बाबांना अजून काही सांगितलं नाही. ते गाडीखाली पडून आहेत, स्वतःच काहीतरी खोलतात. रोज म्हणतात, "माझ्याच हातानं घाण झाली, दाजींचं ऐकायला पाहिजे होतं." धनेश काका तेव्हा काय म्हणाले होते ते त्यांना माहीतच नाही, तरी म्हणतात. लोक सांगतात म्हणून त्यांनाही तसंच वाटायला लागलंय.

मला तुमच्याकडे यायचं होतं. शुक्रवारी तुमचं पत्र आलं, तोपर्यंत यायचं होतं. आईशी मी त्यावरून भांडले, दोन दिवस जेवले नाही. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी आई हो म्हणाली होती. माझे कपडे बांधून ठेवले होते.

आता मी उद्या ट्रकने जाते. विटा थापायला मला येत नाही, शिकेन.

तुमचं पत्र मी धनेश काकांना पाठवलं आहे. बाबल्यादादाला सांगितलंय, गॅरेजात त्यांच्याच हातात दे. तुम्हाला हे मिळेल तेव्हा त्यांचं वाचून झालं असेल.

भट्टीवर मला भेटायला येऊ नका. कुणी विचारलं तर जव्हारला माझं कुणी नाही, असं सांगेन.

जयश्री आणि अनंताची मुलगी,
रुपी