तिसरा हीटर प्लग

सरावली, डहाणू
रविवार, १३ जानेवारी २०१९

चि. दक्षा,

मामाचा आशीर्वाद. उंबरगावला तू बरी असशील. कंपनीत दिवसभर उभं राहून तुझे पाय सुजतात असं तुझी आई सांगत होती. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवत जा. इकडे थंडी चांगली पडली आहे, वाल फुलोऱ्यावर आलेत. माझी कंबर मात्र गाडीखाली गेली की वर यायला तयार नसते. पन्नाशी गाठली, पण अंगाला सत्तरीचा थकवा आहे.

तुला मी दोनदा फोन केला होता. तू "बोल मामा" म्हणालीस आणि मी जेवण झालं का एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून हे लिहितो. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तुझ्या बाबांची गाडी गेल्या सोमवारी माझ्या गॅरेजला आली. उधवा ते तलासरी पॅसेंजर मारून ती पार दमली आहे. रेडिएटरचं पाणी इंजिनात उतरत होतं. मी म्हटलं, "दाजी, इंजिनचं हेड उतरवावं लागेल." ते म्हणाले, "उतरव. मी बसतो इथेच." आणि खरंच दोन दिवस स्टुलावर बसून राहिले. खोकतात फार. बोलत नाहीत. गाडीतून उतरले की लाइटचं बटण बघतात, चार पावलं जातात, परत येऊन पुन्हा बघतात. माझ्या गॅरेजात बॅटरी काढून ठेवलेली, तरी बघत होते.

बघ, लिहायचं एक आणि गाडीचंच पुराण लावलं.

दक्षा, तीन वर्षांपूर्वी तुझ्या पोलीस भरतीच्या मैदानाआधी आठ दिवस तुझे बाबा हीच गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. "सकाळी सातला पोरीला पालघरला उभं करायचंय. पहाटे एका सेल्फमध्ये लागली पाहिजे." डिझेल गाडीत हीटर प्लग असतात. थंडीत ते आधी तापतात, मग इंजिन पेटतं. चारातले दोन मेले तरी उन्हात गाडी चालते, पहाटे मात्र दगा देते. मी चार नवे प्लग आणले.

दोन सहज निघाले. तिसरा जाम होता. अशा वेळी इंजिन गरम करायचं, तेल सोडायचं, तासभर थांबायचं. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आलो. त्या दिवशी थांबलो नाही. चार गाड्या रांगेत होत्या, माझं डोकं दुखत होतं. पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. कट्ट झालं. वरचा भाग हातात आला, टोक आत राहिलं. ते काढायला पूर्ण हेड उतरवावं लागलं असतं. चौथ्याला मग मी हातच लावला नाही.

वायरी जागेवर बसवल्या, टेप मारली. दुपारचं ऊन होतं, गाडी एका सेल्फमध्ये लागली. मी दाजींना म्हणालो, "चारही बदलले."

पुढचं तुला माहीत आहे. पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. तू आणि तुझ्या आईने गाडी उतारापर्यंत ढकलली, बूट चिखलात भरले. भाजीच्या टेंपोने तुम्ही पालघरला पोहोचलात तेव्हा मैदानाचं फाटक बंद झालं होतं. दुपारी मी उधव्याला आलो. तू ओटीवर बसली होतीस, नंबरचा कागद हातात. मी तुझ्यासमोर दाजींना म्हणालो, "लाइट चालू राहिली असेल, बॅटरी उतरली."

तू तेव्हा म्हणालीस, "बाबा, तुमच्याने एक लाइट बंद झाली नाही."

त्यांना वाटलं, राहिली असेल. मी तिथे उभा होतो. तोंड उघडलं असतं तर तीन शब्दांचं काम होतं.

पुढच्या वर्षी तू फॉर्म भरला नाहीस. बापाच्या भरवशावर पुन्हा नाही म्हणालीस, आणि कंपनीत गेलीस. त्यांचा फोन तू उचलत नाहीस हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं मी तुमच्या घरी सणाला जेवून येतोय.

मंगळवारी हेड उतरलं. टोक तिथेच होतं, काळं पडलेलं. दाजी चहा आणायला गेले होते. खिशात टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. मी ते काढलं आणि ते आल्यावर त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"काय हे?"

"तुमच्या गाडीतला तिसरा प्लग. दक्षाच्या मैदानाआधी मी मोडला होता. बदलला नव्हता."

त्यांनी ते टोक बोटांत फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे लाइट बंद होती?"

"बंदच होती, दाजी."

ते खाली बसले. दक्षा, मला वाटलं शिव्या देतील, पाना फेकून मारतील. मी त्याची वाट बघत होतो. त्यांनी तोंड धुतलं, गमछ्याने पुसलं आणि विचारलं, "पोरीला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

बुधवारी चारही नवे प्लग बसवले. गाडी लागली. ते माझ्याकडे न बघता निघून गेले. परवा मी उधव्याला गेलो. तुझ्या आईने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही. सख्खी बहीण आहे माझी. पण बरोबर केलं तिने.

भरतीचं मी काही बोलणार नाही. ते बोलायचा अधिकार मी गमावला आहे. माफीही मागत नाही. मागितली की तुझ्यावर आणखी एक ओझं पडेल, द्यायची की नाही याचं. तू फक्त बाबांना फोन कर. ते आपणहून करणार नाहीत आता. तू नाही उचललास तर काय, याची त्यांना भीती वाटते. त्यांनी स्वतः मला हे सांगितलेलं नाही, पण दोन दिवस समोर बसलेल्या माणसाचं एवढं कळतं.

पत्राखाली 'तुझा मामा' असं लिहायची पद्धत आहे. ते आज मी लिहीत नाही. तुला लिहावंसं वाटलं तर तू लिही.

लडक्या धोडी