उजव्या कानाचं कोकरू

प्रिय मल्हार,

आधी ओळख सांगते, कारण तुझा भरवसा नाही. मी साखरबाई. तुझ्या बापाची आई. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं, ओढ्याच्या अंगाला राहते. लहानपणी तू माझ्याच पदराला नाक पुसायचास. काही आठवतंय का? शाळेत जाताना दप्तर विसरायचास, रानात घोंगडी विसरायचास, एकदा तर मेंढरं रानात विसरून एकटाच जेवायला घरी आलास आणि वर विचारलंस, आज कालवण काय. पुढं घरच विसरलास. तुझी प्रगती चांगली आहे.

पत्र तुझी चुलतबहीण तेजश्री लिहितेय. मी ‘हाय’ म्हटलं की ही ‘आहे’ लिहिते आणि वर म्हणते, आजी, कागदावर असंच लिहितात. असेल बाई. मी पाटीला हात लावलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून तू जे केलंस, त्याचा हिशेब पुढं घेतेच.

तुझा पत्ता म्हातारीला कुणी दिला, असं मनात आलं असेल. तुझ्याच कोकरानं दिला. झालं असं की, कांद्याची लागण उरकल्यावर चांगदेव कंडक्टरनं मथुरा-वृंदावनची सहल काढली. एस्टीतनं रिटायर झाला तरी त्याची शिट्टी काही सुटली नाही. बायकांना डब्यात चढवताना पण फुंकतो. मी म्हटलं, मलाही यायचं. तुझा बाप कोंडिबा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, आई, तू गावच्या देवळात सुद्धा चपला राखायला बाहेर बसतीस, तुला आन् मथुरा कवापासनं लागली? मी म्हटलं, वय झालं, आता देव धरावा. खरं कारण फक्त माझ्या मैतरणीला, अनसाबाईला ठाऊक होतं. तिच्या पोरानं सणसवाडीत खोल्या काढल्यात, तिथं ग्वाल्हेरकडचा एक भाडेकरू राहतो. तो म्हणाला होता की कंपन्यांच्या भिंती रंगवणारा ठेकेदार आमच्याच मुलखातला, आणि तो जाताना एक मराठी पोरगा बरोबर घेऊन गेला. एवढंच. नाव नाही, गाव नाही. पण चांगदेवाची गाडी ग्वाल्हेरला थांबणार होती. घरात कुणाला बोलले नाही. तुझ्या बापाला तर नाहीच. त्याला पुन्हा एकदा उगीच कुठं धावायला लावायचं नव्हतं. पुन्हा का म्हणते, ते कळेल तुला.

मग काय, बाकीच्या बायका देव बघत होत्या आणि मी भिंती. दौंडला गाडीत बसले तशी खिडकी धरली ती सोडलीच नाही. मल्हार, या देशात रस्त्यावर, चौकात एवढं काय काय उभं करून ठेवलंय, मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, चौक म्हटलं की एक पुतळा आणि त्याच्या डोक्यावर कावळा. भोपाळला उतरलो, तर एका कुंपणाच्या भिंतीवर मोर, हरणं, झाडं, सगळी टिपक्याटिपक्यांची. जवळ गेलं की नुसते ठिपके, लांब गेलं की हरीण पळतंय. मी इतकं मागंपुढं केलं की चांगदेवानं शिट्टी फुंकली. पुढं एका बागेत मोटारीच्या मोडीतनं केलेला बैल होता. वशिंड कसलं, तर मडगार्ड! मी त्याच्या पाठीवर थाप मारली, तर टण्ण वाजला. अनसाबाई म्हणाली, साखरे, ह्यो बैल बरा, वैरण न्हाई मागत. मी म्हटलं, शेण पण देत न्हाई. झाशीत घोड्यावरची राणी पाहिली, पाठीला पोर बांधलेली. सगळ्या बायका तिच्या तलवारीला हात जोडत होत्या. मला ते पोरच दिसत होतं. म्हटलं, बाई, तुझं बरं आहे, रणात असलीस तरी पोर कुठं आहे ते तुला ठाऊक आहे.

प्रत्येक भिंतीपाशी मी तुझी खूण शोधायची. कसली खूण, ते मलाही सांगता आलं नसतं. अक्षरात सही केली असतीस तर ती मला काय कळणार? शेजारनं जाऊन पण तुला ओलांडून गेले असते. हीच धास्ती.

आता तुझ्या पराक्रमाची गोष्ट. तू ती विसरला असशील, पण तेजश्रीला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आपला कळप होता तेव्हा प्रत्येकाच्या मेंढरांची कानाची खूण ठरलेली. आपली डाव्या कानाला दोन काप, शेजारच्या रखमाजीची उजव्या कानाला दोन काप. आणि रीत अशी की ज्याचं मेंढरू त्यानंच कान कापायचा, दुसऱ्यानं कात्री लावायची नाही. तू हट्ट धरलास, ह्या साली माझ्या कोकरांचे कान मीच कापणार. कोंडिबानं कात्री दिली. तू बसलास कोकरासमोर, तोंडाला तोंड लावून, आणि तुझ्या डाव्या हाताला आलेला कान कापलास. तो कोकराचा उजवा! सगळ्या कोकरांचे उजवे! आठ दिवसांत रखमाजी हजर. खूण माझी, कोकरं माझी. चार माणसं बसली, आणि चार माणसं काय करणार, खुणेला धरूनच बोलली. तुझी कोकरं रखमाजीच्या दावणीला गेली आणि तू बाजेखाली. तेव्हा कोंडिबानं तुला ओढून बाहेर काढलं, एका मेंढीच्या मागं बसवलं आणि म्हणाला, येड्या, कान कापायच्या आधी तिच्या मागं बसायचं आन् ती जिकडं बघती तिकडं बघायचं. म्हंजी तिचं डावं त्ये तुजं डावं. हे मी ऐकलेलं आहे. हे वाक्य नीट ध्यानात ठेव, मला पुढं उपयोगी पडलंय.

ग्वाल्हेरला आमच्या धर्मशाळेपासून बाजाराकडं जाताना एका शाळेचं लांबलचक कुंपण लागलं. सगळं रंगवलेलं. मी टोकापासनं सुरू केलं. विहीर, मग बैलगाडी, मग पाटी-दप्तर घेतलेल्या पोरी. तेवढ्यात पुढं गेलेली अनसाबाई ओरडली, अगं साखरे, ही तर तूच की! जाऊन बघते तर एक म्हातारी मांडी घालून बसलेली, हातात पाटी, त्यावर अक्षर काढतेय. वर लिहिलेलं एका बाईनं वाचून दाखवलं, शिकायला वयाची अट नाही, असं काहीतरी. नाक माझं, हनुवटीवरचं गोंदण माझं, बसणं सुद्धा माझंच, एक गुडघा वर. तरी मी म्हटलं, नऊवारीतली म्हातारी म्हटली की सगळ्या सारख्याच. उगीच जीव टांगू नये. मग खाली पाहिलं. म्हातारीच्या मांडीला टेकून एक कोकरू बसलेलं. कानाला दोन काप. आणि कान उजवा!

मल्हार, मी तिथं मोठ्यानं हसले. अनसाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि मी हसतेय. जाणारी-येणारी माणसं थांबली. जगात कापलेल्या कानाची मेंढरं लाख असतील, पण साखरबाईच्या मांडीशी उजव्या कानाचं कोकरू काढणारा एकच शहाणा. मी भिंतीवरच्या माझ्याच गालाला हात लावला. ऊन लागून भिंत तापलेली होती. म्हटलं, मेल्या, एवढा मोठा झालास, अजून डावं-उजवं कळंना? आणि मला न विचारता माझ्या हातात पाटी दिलीस! आता सगळं ग्वाल्हेर समजतंय की म्हातारी शिकतेय, आणि इकडं मी अंगठेबहाद्दर ती अंगठेबहाद्दरच.

शाळेच्या शिपायाला गाठलं. माझी हिंदी तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, ये भिंत किसने रंगाया, वो पोरगा जित्ता है ना? तो बिचारा घाबरला. म्हणाला, अम्मा, बिल्कुल जिंदा है, दिवाली के बाद ही तो गया, वो महाराष्ट्र वाला, दुबला सा, चाय में शक्कर बहुत डालता था. तेव्हा मात्र मी भिंतीला टेकून खाली बसले. शिपायानं पाणी दिलं. मग चांगदेवानं त्याच्याकडनं ठेकेदाराचा पत्ता लिहून घेतला आणि पहिल्यांदाच शिट्टी न फुंकता उभा राहिला. तुमची टोळी पुढच्या जिल्ह्यात गेलीय म्हणाले, पण पत्रं तिथनं पोचतात म्हणे. मथुरेला पुढं गेले खरी. देवाला सांगितलं, माझं काम वाटेतच झालं, तू बाकीच्या बायकांचं बघ.

आता तुझ्या बापाचं ते ‘पुन्हा’ धावणं. परत आलो तेव्हा कोंडिबा गावातल्या ज्ञानूची जीप घेऊन दौंडला न्यायला आला होता. पण आत नाही. बाहेर, रिक्षांच्या तिथं. तुझा बाप दौंडच्या फलाटावर पाय ठेवत नाही. गेल्या भादव्यात रेल्वे पोलिसांचा निरोप आला होता. रुळाजवळ एक तरणं पोर सापडलेलं, ओळख नाही, नखात रंग. कोंडिबा कुणाला न सांगता एकटा गेला. तू नव्हतास. दुसऱ्या कुणाचा तरी होता तो, त्याच्या आईचं काय झालं असेल, देव जाणे. कोंडिबा घरी आला, अंगावर पाणी घेतलं आणि म्हणाला, बाजाराला गेलो हुतो. पिशवी रिकामी. मला ज्ञानूनं मागनं सांगितलं. तुझ्या आईला आम्ही अजून बोललेलो नाही. तेजश्री लिहिताना थांबलीय. लिही गं, त्याला कळू दे.

तेव्हापासनं एस्टी थांबली की तुझा बाप मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा. तोंडानं तुझं नाव नाही. कारेगावच्या कंपनीतली नोकरी त्यानं तिथं वशिला असलेल्या आनंदरावाच्या पाया पडून मिळवली होती, ती तू आठवड्यात सोडलीस, आणि वर घराच्या भिंतीवर विकलेला सगळा कळप रंगवलास. कालव्याचं पाणी आलं, रान बागायत झालं म्हणून मेंढरं विकली, ती पुन्हा दारात उभी. लोक थांबून बघायला लागले. त्याला वाटलं, पोरगं आपल्याला चिडवतंय. म्हणून त्यानं त्यावर चुना मारला आणि तू निघून गेलास. तुम्हा दोघांचंही डोकं एकाच कुंभारानं भाजलेलं.

तर जीपपाशी जाऊन मी म्हटलं, कोंडिबा, पोरगं सापडलं, भिंती रंगवतंय, चहात साखर जास्त घालतंय, आन् कान अजून चुकवतंय. तो जीपच्या पलीकडच्या बाजूला गेला. ज्ञानूनं उगीच टायरची हवा बघितली. शिरूरच्या रस्त्याला लागल्यावर कोंडिबा म्हणाला, मला सांगितलं का न्हाई त्यानं, कळप का काढला त्ये? तेव्हा मी ते राखून ठेवलेलं वाक्य काढलं. म्हटलं, पोराला शिकवलंस, मेंढराच्या मागं बसून बघ. तू कधी पोराच्या मागं बसून बघितलंस, ते कुठं बघतंय?

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. चार दिवस झाले, तुझा बाप काथ्या आणि ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी बसतोय. तुझ्या ऑइलपेंटवर चुना काही नीट धरलेला नव्हता. पापुद्रे निघतात आणि खालनं एकेक मेंढरू डोकं काढतंय. लंगडी निघाली, कपाळावर चांद असलेली निघाली, म्हातारा बकरा निघाला. कोंडिबा प्रत्येकीला नावानं हाक मारतो. पण अगदी पुढचं, तुझं ते लाडकं कोकरू, त्याच्या डोक्याजवळचा पोपडा गिलाव्यासकट खाली आला. दोन्ही कान गेले. तुझी आई म्हणाली, कोळशानं काढा की तुम्हीच. तर म्हणाला, मी कसा काढू? ज्याचं मेंढरू त्यानंच कान कापायचा. एवढं बोलून त्यानं तिथं नवा गिलावा केला आणि ती वीतभर जागा कोरी ठेवलीय. हे बोलणं तुझ्यापर्यंत जावं, असं त्यानं मला सांगितलेलं नाही. पण मी सांगत असताना तो मघापासनं दाराआड उभा आहे आणि खोकला दाबतोय.

तुझीच,
पाटीवरची म्हातारी

(अंगठा द्यायचा नाही असं ठरवलंय. ग्वाल्हेरला माझी अब्रू आहे. सहीच्या जागी मी माझ्या हातानं एक कान काढलाय, दोन काप असलेला. डावा आहे. मेंढीच्या मागं बसून बघ.)

ता. क. तिकडं आपल्या चिक्कीसारखी तिळाची गजक मिळते, चांगदेवानं आम्हाला एकेक तुकडा दिला होता. टपालानं पाठवू नकोस, भुगा होतो. हातानं आण. मला मऊ, दात नाहीत. तुझ्या बापाला कडक, आणि त्याचा पुडा वेगळा बांध.